एक इंच म्हणजे दीडशे लिटर: घरच्या हौदाच्या नोंदी

८ फेब्रुवारी, शनिवार

पहाटेच्या एसटीनं गावी आलो. गाव माण तालुक्यातलं. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तोच सह्याद्री ओलांडून ढग आमच्याकडे येतात तेव्हा रिकामे झालेले असतात. आमच्या वाट्याला चारशे, साडेचारशे. कधी त्याच्याही निम्मा.

नळाला चार दिवसांनी पाणी येतं. फेब्रुवारी अर्धा सरला की तेही भरवशाचं राहत नाही, मग टँकर. घरी आई, अण्णा, धाकटा आणि त्याची बायको. आंघोळीला, धुण्याला खारं पाणी बोअरचं चालतं. प्यायला आणि सैंपाकाला चालत नाही. छपरावर पडणारं पाणी हौदात साठवायचं, हे गेल्या तीन उन्हाळ्यांपासून नुसतं बोलणं चाललंय. या वेळी वही घेऊन आलो आहे. मी कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. माल मागवण्याआधी किती लागणार हे काढायची सवय आहे. घरासाठी ती कधी वापरली नाही, एवढंच.

पहिला प्रश्न आईला. दिवसाला किती पाणी लागतं?

"सा घागरी."

लिटरमध्ये?

"घागर म्हंजे घागर. लिटर दुधाला."

घागर अंगणात ठेवली. लेक सातवीत आहे, ती सोबत आली आहे. तिनं लिटरची बाटली भरभरून ओतली. काठोकाठ १५ लिटर. पण काठोकाठ भरलेली घागर कमरेवर घेऊन कुणी चालत नाही. आई भरते तशी, गळ्यापर्यंत भरायला लावली तर १४. तेव्हा १४ धरले. ६ × १४ = ८४ लिटर रोज.

किती दिवस? १६ फेब्रुवारी ते ३० जून. १३ + ३१ + ३० + ३१ + ३० = १३५. आता ८४ गुणिले १३५. मी मोबाइल काढेपर्यंत अण्णांनी पडवीतून उत्तर दिलं, "अकरा हजार तीनशे चाळीस." कसं केलंत विचारलं. शंभराचे ८,४०० तर सरळच. उरले ३५. "चौऱ्याऐंशी औट दोनशे चौऱ्याण्णव, वर एक शून्य." औट म्हणजे साडेतीन. अण्णांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे घोकून घ्यायचे. मला दिडकीच्या पुढे काही येत नाही, लेकीला तर पावकी हा शब्दच नवा.

८,४०० + २,९४० = ११,३४० लिटर. हे डोक्यात ठेवून पुढचं.

९ फेब्रुवारी, रविवार

छप्पर मोजलं. दोन पाखी पत्रा. अण्णांचं माप तयार होतं: पत्रे १२ फुटी, दोन्ही बाजूंना, म्हणजे २४, लांबी ३६. गुणाकार ८६४ चौरस फूट.

इथं माझं अण्णांशी जुंपलं. पाऊस पत्र्याची लांबी बघून पडत नाही. छपराची दुपारी बाराची सावली जेवढी, तेवढ्यावरचाच पाऊस आपला. पत्रा जितका उभा कराल तितका तो लांब लागेल, पाणी मात्र वाढणार नाही. अण्णा म्हणाले, "आरं पण पत्रा तर चोवीस फूटच भिजतो ना?" भिजतो. पण विरळ भिजतो. हे त्यांना पटलं की नाही कळलं नाही, ते शेंगा फोडत बसले.

वळचणीच्या कडेला ओळंबा सोडला, जमिनीवर खूण केली, पलीकडच्या बाजूलाही तसंच. दोन खुणांमधलं अंतर २२ फूट. म्हणजे निम्मी रुंदी ११, पत्रा १२. लेकीला विचारलं, मग आढं वळचणीपेक्षा किती उंच? पायथागोरस त्यांना नुकताच शिकवून झाला आहे. १४४ वजा १२१, राहिले २३, त्याचं वर्गमूळ ४.८ च्या आसपास. आत जाऊन तिनं टेप लावला: चार फूट साडेनऊ इंच. ती इतकी खूश झाली की दिवसभर भेटेल त्याला सांगत होती.

३६ × २२ = ७९२ चौरस फूट, म्हणजे ७३.६ चौरस मीटर. इथून पुढे मीटरच सोयीचा, कारण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. ४५० मिलिमीटर धरले तर ३३,१२०. उडून जाणारं, वाळून जाणारं, पहिलं घाण पाणी, सगळं धरून पाचवा हिस्सा वजा केला: साडेसव्वीस हजार लिटर. अण्णांच्या मापानं आणखी २,४०० आले असते. तेवढं पाणी फक्त कागदावर पडलं असतं.

१५ फेब्रुवारी

आठवडाभर बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत हेच. साडेसव्वीस हजार लिटर मिळणार म्हणून तेवढा हौद बांधायचा का? धाकट्याचं म्हणणं तसंच. पण चांगल्या वर्षी टाकी मोठी असून काय फायदा? खरी गरज वाईट वर्षी. पाऊस निम्मा झाला, २२५ मिलिमीटर, तरी १३,२०० लिटर येतात. गरज ११,३४०. तेव्हा हौद १२ ते १३ हजारांचा. दुष्काळातही भरेल एवढाच. मोठा बांधून निम्मा रिकामा ठेवायचा तर तेवढ्या विटा फुकट.

आकाराचा प्रश्न मात्र मजेचा निघाला. २८ फूट दोरी घेतली, तिची टोकं बांधली. अंगणात खडूनं: १० बाय ४ चा आयत, आत ४० चौरस फूट. ७ बाय ७ चा चौरस, ४९. तीच दोरी गोल मांडली तर ६२ च्या वर. भिंत तेवढीच, पाणी चौरसापेक्षा सव्वापट. शिवाय गोल भिंतीला बाहेरची माती सगळीकडून सारखी दाबते आणि विटा एकमेकींवर आवळत जातात. जुन्या विहिरी उगाच गोल नाहीत.

मिस्त्रींना फोन केला. म्हणाले, "गोल? माझ्या वडलांनी बारा हिरी बांधल्यात. चौकोनी कशाला बांधायचा?" त्यांना ते दोरीशिवाय माहीत होतं.

२२ फेब्रुवारी

जागा परसात, शोषखड्ड्याच्या विरुद्ध टोकाला. आतला व्यास ९ फूट, पाण्याची खोली ७.

क्षेत्रफळ २२/७ × ४.५ × ४.५. त्याला खोलीचे ७ गुणले की खालचे ७ कटतात, राहतात २२ × २०.२५ = ४४५.५ घनफूट. घनफुटाला २८.३ लिटर: १२,६०८.

लेक म्हणाली, पण २२/७ खरं नाही ना, बाईंनी सांगितलंय. खरं नाहीच. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त दोन्ही आकडे दिलेत: ३९२७/१२५० हा सूक्ष्म, आणि २२/७ स्थूल पण व्यवहाराला पुरेसा. त्यांच्या सूक्ष्म आकड्यानं तिला पुन्हा करायला लावलं. फरक ५ लिटर. अर्धी घागरसुद्धा नाही. तिनं वहीत लिहिलं, 'व्यवहारासाठी चालेल', आणि खाली आपली सही केली.

तळाचं सहा इंच पाणी हातपंपाला येणार नाही, गाळ तिथं बसू द्यायचा. ते ९०० लिटर गेले. हाती ११,७०० च्या आसपास. भागिले ८४, म्हणजे १३९ दिवस. चार दिवसांची सवड. बरी वाटली.

संध्याकाळी आराखडा दहिवडीच्या एका सिव्हिल इंजिनिअरला दाखवला. भिंतीची जाडी आणि वरच्या स्लॅबची सळई त्यांनी ठरवली. तो हिशेब मी केला नाही, करूही नये. गुणाकार येतो म्हणून माणसं उभी राहणार त्या स्लॅबची सळई कुणी स्वतः ठरवू नये.

१ मार्च

खोदाई सुरू. खुंटी ठोकून दोरीनं गोल आखला, दोरी पाच फूट नऊ इंच. भिंत नऊ इंची, बाहेरून काम करायला सहा इंच मोकळी जागा; खड्ड्याचा व्यास साडेअकरा. खोली ७, बाकी हौद जमिनीच्या वर दीड फूट राहील. २२ × ३३.०६ = ७२७ घनफूट, म्हणजे सव्वासात ब्रासला थोडं जास्त. (शंभर घनफुटांचा एक ब्रास. पुण्याच्या ऑफिसात घनमीटर, इथं ब्रासशिवाय कुणी बोलत नाही.)

खोदणारे दोन गडी, बाप-लेक. ब्रासवर ठरलं.

९ मार्च

आज भांडण. भांडण म्हणजे, तसं दोन्ही बाजूंनी हसत हसत, पण पैशाचंच.

माझा हिशेब: ७२७ पैकी १२१ घनफूट माती भिंतीभोवती परत भरायला बाजूला ठेवायची. उरली ६०६, म्हणजे सहा ब्रास. ट्रॅक्टरची ट्रॉली टेपनं मोजली, १० × ५ × २, बरोबर एक ब्रास. सहा खेपा. ट्रॅक्टरवाल्या पाव्हण्यांना सहाचे पैसे काढून ठेवले होते.

खेपा आठ झाल्या.

मला आधी वाटलं ट्रॉली अर्धीच भरून नेली. मग वाटलं खड्डा जास्त खणला. टेप घेऊन खड्ड्यात उतरलो, व्यास तोच, खोली तीच. वर उभा राहून खोदणारा म्हातारा बघत होता. म्हणाला, "सायेब, खड्ड्यातली माती खड्ड्यात परत मावत नसती. कवा बघितलं न्हाई?"

बघितलं होतं. शंभर वेळा. कुंपणाचा खांब रोवताना, झाड लावताना. मुरूम जागेवर दबून बसलेला असतो. टिकावानं फोडला की खड्यांमध्ये हवा शिरते. आठशेला सहाशे सहानं भागलं: १.३२. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा फुगला.

मग पुढचा प्रश्न: म्हाताऱ्याला सव्वासात ब्रासचे द्यायचे की फुगलेल्या साडेनऊ ब्रासचे? ठरवताना 'ब्रास' म्हटलं, कुठला ब्रास ते कुणीच बोललं नाही. धाकटा म्हणाला, ट्रॉलीच्या मापानं मागतील आता. म्हातारा स्वतःच म्हणाला, "आमचं माप खड्ड्याचं, ट्रॅक्टरचं माप ट्रॉलीचं. दुसऱ्याचं माप आपण कशाला घ्यायचं?" त्यानं हवेचे पैसे मागितले नाहीत. मी ट्रॅक्टरवाल्यांना आठ खेपांचे दिले.

१५ मार्च

माती फुगते हे गेल्या रविवारी शिकलो आणि आज उलट्या बाजूनं तोंडावर पडलो.

तळाचं काँक्रीट. साडेदहा फूट व्यासाची चकती, जाडी सहा इंच: ८६.६ × ०.५ = ४३.३ घनफूट. प्रमाण एकाला दोनाला चार. सिमेंटची गोणी ५० किलोची, सव्वा घनफूट. तिला अडीच वाळू, पाच खडी. बेरीज पावणेनऊ. ४३.३ भागिले ८.७५, पाच गोण्या. पाचच आणल्या. मिस्त्री सकाळी गोण्यांकडे बघून म्हणाले, "बाकीच्या कवा येणार?" मी म्हटलं, एवढ्याच लागतात, हिशेब केलाय. ते काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, असं मी दुपारी म्हटलं. ते म्हणाले, "तुमी वही दाखवली की."

साडेबाराला पाचवी गोणी संपली आणि तळाचा एक तृतीयांश भाग तसाच उघडा. काँक्रीट अर्धवट सोडलं तर जोड राहतो आणि हौदाच्या तळाचा जोड म्हणजे गळतीला आवतण. मिस्त्रींनी कडेवर ओलं पोतं टाकलं. धाकटा मोटारसायकलवर एकेक गोणी घेऊन तीन वेळा गेला-आला. उन्हात सगळ्यांची तोंडं लाल, माझं जरा जास्तच.

रात्री लेकीला कारण दाखवायचं म्हणून आईच्या सैंपाकघरात प्रयोग. चार वाट्या शेंगदाणे पातेल्यात घेतले, दोन वाट्या मोहरी. मिसळून हलवलं आणि परत वाटीनं मोजलं. सहा व्हायला हव्यात. पाचसुद्धा पुऱ्या झाल्या नाहीत. मोहरी शेंगदाण्यांच्या मधल्या फटींत जाऊन बसली. तसंच वाळू खडीत बसते, सिमेंट वाळूत बसतं, आणि पाण्यानं सगळं आणखी आवळतं. पावणेनऊ घनफूट कोरडा माल ओला होऊन साडेपाच-पावणेसहाच भरतो. म्हणून बांधकामवाले ओल्या मापाला १.५४ नं गुणून कोरडा माल काढतात. ४३.३ × १.५४ = ६६.७, भागिले ८.७५: साडेसात-पावणेआठ. आठ गोण्या. पाच आणि धाकट्यानं आणलेल्या तीन.

आईनं मोहरी-शेंगदाणे वेगळे करून मागितले. चाळणीनं होतं, पण सगळं होत नाही. उद्याच्या भाजीत शेंगदाणे जास्त आहेत.

२३ मार्च

विटा. भिंतीचा गोल आतून ९ फूट, म्हणजे परीघ ३३९ इंच. वीट स्थानिक, ९ × ४ × ३. नऊ इंची भिंत, म्हणून प्रत्येक वीट आडवी, चार इंची तोंड आत. मध्ये तीन सूत मसाला (आठ सुतांचा इंच). एका थरात ७७ विटा. थर ३ इंच आणि तीन सूत. आठ फूट उंचीत २८ थर. ७७ × २८ = २,१५६.

पोळलो होतो म्हणून या वेळी आकडा न सांगता मिस्त्रींना आधी विचारलं. त्यांनी भिंतीकडे न बघताच बोटांवर काहीतरी केलं. "ब्रासला बाराशे. तुमची भिंत दोन ब्रासला कमी. बावीसशे सांगा, फुटतूट धरून." माझा आकडा दाखवला. "मग त्येच की," म्हणाले.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात नव्हती. आत फट तीन सुतांची ठेवली तर बाहेरच्या बाजूला तीच फट इंचाच्या वर जाते, कारण बाहेरचा परीघ ३९६ इंच आणि विटा त्याच ७७. ३९६ भागिले ७७, पाच इंचाच्या वर. त्यात वीट चारचीच. मिस्त्री त्या फटींत विटांचे तुकडे बसवत होते. फुटलेल्या विटा टाकल्या नाहीत, बाजूला का रचल्या ते आता कळलं.

६ एप्रिल

आतून गिलावा दोन हात. काही विशेष नाही. ऊन फार.

१३ एप्रिल

स्लॅब पडला. तोंडाला लोखंडी झाकण, कुलूप. शेजारची पोरं दिवसभर परसात असतात.

४ मे

पन्हळी आणि पाइप. छत्तीस फुटांना दर दहा फुटाला एक इंच उतार, म्हणजे साडेतीन इंच. प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघितली. घराची एक बाजू मुळातच दोन इंच खचलेली निघाली. अण्णांना हे चाळीस वर्षं माहीत होतं म्हणे.

सगळ्यात जास्त वेळ 'पहिल्या पाण्यानं' खाल्ला. पत्र्यावर धूळ, कबुतरांची घाण, चिंचेचा पाला. पहिले दोन मिलिमीटर हौदात जाऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं. ७३.६ × २ = १४७ लिटर. मोबाइलवर बघितलेल्या सगळ्या चित्रांत त्यासाठी एक उभा पाइप असतो, खाली बूच. चार इंची पाइपात मीटरला साधारण आठ लिटर मावतात. १४७ ला आठानं भागलं तर १८ मीटर. आमचं घर सोडा, गावातलं देऊळही एवढं उंच नाही. त्या चित्रातल्या पाइपात फार तर पंधरा-वीस लिटर घाण अडते, बाकीची हौदात.

रंगाचा नाही, तेलाचा स्वच्छ धुतलेला २०० लिटरचा ड्रम मिळाला. त्याला १५० वर खूण केली आणि तिथून पुढचं पाणी हौदाकडे वळेल असा तुकडा जोडला. पावसानंतर ड्रम लिंबाच्या झाडाला रिकामा करायचा, नाहीतर पुढच्या वेळी तो भरलेलाच असणार. हे काम लेकीच्या आजोबांकडे.

११ मे

पर्जन्यमापक म्हणून तुपाचा उभ्या भिंतीचा डबा छपराच्या उंचीवर, झाडापासून लांब. आईचा आक्षेप: "डबा ल्हान हाय. परातीत जास्त पाणी पडंल." परातीत जास्त पडेल, पण पसरून बसेल. दोन्हींत उंची सारखीच. (परातीच्या कडा तिरक्या असतात म्हणून परात नको, हे तिला सांगितलं नाही. वाद वाढला असता.) वेधशाळेसारखं सकाळी साडेआठला मोजायचं.

हौदासाठी बांबूची काठी. क्षेत्रफळ ६३.६४ चौरस फूट, एक इंच पाणी म्हणजे त्याचा बारावा भाग, ५.३ घनफूट, १५० लिटर. काठीवर इंचा-इंचाला खाच. एक खाच म्हणजे दीडशे लिटर, म्हणजे पावणेअकरा घागरी. आता पावसाची वाट.

१४ जून

रात्री आला. डब्यात १८ मिलिमीटर.

७३.६ × १८ = १,३२५ लिटर छपरावर. काठी ओली साडेसहा खाचा, ९७५. ड्रममध्ये १५०. मिळाले १,१२५. शेकडा ८५. मी ८० धरले होते. आईनं पहिली घागर भरली ती नुसती बघायला, परत हौदातच ओतली.

२२ जून

अर्ध्या तासात ११ मिलिमीटर, वाऱ्यासकट. काठीवर फक्त अडीच खाचा वाढल्या. ३७५ आणि ड्रमचे १५०, एकूण ५२५. छपरावर पडलं ८१०. शेकडा ६५. हौद गळतोय की काय म्हणून पोटात गोळा. दुपारी पुन्हा काठी घातली, तेवढंच. संध्याकाळीही तेवढंच. गळत नाही.

मग पाणी गेलं कुठं? अण्णा म्हणाले, "पडवीत बसलो होतो, पन्हळीच्या वरून उड्या मारत होतं." जोराच्या पावसात पत्र्यावरून घसरत आलेलं पाणी पन्हळीत न पडता तिच्या पलीकडे पडतं. ज्याला पागोळ्या म्हणतो त्या धारांना वेग आला की त्या वळचणीपासून लांब पडतात. लहानपणी त्याच धारांखाली हात धरून उभे राहायचो. पन्हळीची बाहेरची कड दोन इंच उंच करायची, पत्र्याची पट्टी लावून.

२८ जून

पट्टी लावली. २२ मिलिमीटर. सव्वाआठ खाचा वाढल्या. १,२३७ + १५० = १,३८७; पडलं १,६१९. पुन्हा ८५ च्या वर. लेकीनं पुण्याहून फोनवर हिशेब करून सांगितला, माझ्या आधी.

ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरचं माप सांगून गेला, हजार लिटरला पाच ग्रॅम. हौद भरेल तेव्हा ६३ ग्रॅम. तोवर पाणी जेवढं असेल त्या मानानं.

१२ जुलै

डब्यात आजवर ९१ मिलिमीटर, हौदात ३० इंच. साडेचार हजार लिटर.

चहा पिताना आईला सांगत होतो, हौद भरला की १३९ दिवस पुरेल, गरज १३५ ची. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं विचारलं, "आन् पलीकडच्या म्हातारीची घागर कुठं धरलीस?"

कुठली घागर?

पलीकडे एक म्हातारी एकटीच राहते. टँकरच्या गर्दीत तिचं काही चालत नाही. उन्हाळ्यात रोज एक घागर आमच्याकडून जाते. किती वर्षं, कुणाला आठवत नाही. मी म्हटलं, तू तर सहा सांगितल्यास.

"तू इचारलंस आपल्याला किती लागतं. आपल्याला सा."

वही काढली. सात घागरी, ९८ लिटर. ११,७०० भागिले ९८: ११९ दिवस. चार दिवसांची सवड गेली आणि वर सोळा दिवसांची तूट.

स्लॅबच्या खाली एक फूट मोकळा आहे. जास्तीचं पाणी बाहेर काढणारा पाइप सात फुटांवर आहे, तो सहा इंच वर घेता येतो. तेवढ्यात ९०० लिटर. हाती येणारं पाणी १२,६०० च्या वर, भागिले ९८, १२८ दिवस. अजून सात कमी. वळवाच्या एखाद्या २० मिलिमीटरच्या सरीत अकरा दिवसांचं पाणी येतं, पण वळीव येईलच असं धरून वहीत लिहायला हात धजेना.

"सात दिवसांचं मी बघते," आई म्हणाली. "फेब्रुवारीत नळ एकदम थोडाच बंद होतोय. पहिला आठवडा हौदाला कुलूप."

१३ जुलै

मिस्त्री येऊन पाइप वर घेऊन गेले. काठीवर नव्वदाव्या इंचाला नवी खाच केली. पाणी तिसाव्यावर.